डेन्मार्क कोणत्या रंगात रंगवायचा

बाई, तुम्ही मला एकदा डेन्मार्क खोडायला लावला होता. आठवीतली गोष्ट. युरोपचा कोरा नकाशा आणि त्यात देश गटागटाने रंगवून आणायचे, असा गृहपाठ होता. मी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड निळे केले आणि डेन्मार्क जर्मनीबरोबर तपकिरी. माझ्या मते त्यात काहीच चुकलं नव्हतं. डेन्मार्क जर्मनीच्या डोक्यावर शेंडीसारखा चिकटलेला दिसत होता, आणि त्या निळ्या देशांच्या आणि त्याच्या मध्ये चक्क समुद्र होता. तुम्ही नकाशा हातात घेतलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "हा इकडं कसा आला गं?" मी म्हणाले, "चिकटलाय म्हणून." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "खोड," म्हणालात. तो मेणचट तपकिरी रंग खोडरबराने कुठला जायला? मी घासत राहिले, घासत राहिले, आणि शेवटी डेन्मार्कच्या जागी कागदाला भोक पडलं. ते भोक बघून मला रडू आलं आणि तुमचा मनस्वी राग आला. आज टोरंटोत, नॉर्थ यॉर्कमधल्या माझ्या काँडोत, खिडकीबाहेर बर्फ वितळून चिखल झालेला असताना, मला पुन्हा तसाच राग आलेला आहे. या वेळी तो तुमच्यावर नाही. निदान सगळा तुमच्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा कोरा नकाशा आणलात आणि तुमची स्वतःची निळी पेन्सिल, अर्धी झिजलेली. वर्गात दिला नाहीत. तुम्ही आमच्याच घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचात, तेव्हा संध्याकाळी स्वयंपाकघरात आलात, आईने पुढे केलेल्या पाटावर बसलात आणि मला जवळ बोलावलंत. आई चुलीपाशी, केळीच्या बागेतून नुकतीच आलेली, लाल लुगड्याचा काष्टा अजून वर खोचलेला. तुम्ही विचारलंत, "या भिंतीपलीकडं कोण राहतंय?" मी शेजाऱ्यांचं सांगितलं. "त्यांच्याशी बोलता?" आमचं त्यांच्याशी विहिरीवरून वाकडं होतं. "नाही." "आणि तुझी मावशी कुठं असते?" "खाडीपलीकडे. भाईंदरला." "नाताळला घरी कोण येतं? भिंतीपलीकडचे का खाडीपलीकडची?" मी म्हणाले, "मावशी. होडीने येते." तेव्हा तुम्ही नकाशा माझ्या पुढ्यात सरकवलात. "मग चिकटलंय काय ते बघतीस, का जेवायला कोण येतंय ते बघतीस?"

त्या संध्याकाळी तुम्ही जे सांगितलंत ते पुढे मी कितीतरी पुस्तकांतून ताडून पाहिलं. तुमचं फारसं काही चुकलेलं नव्हतं. डेन्मार्कचा एक हातच काय तो जर्मनीला लागून आहे, बाकी सगळी बेटं. राजधानीसुद्धा बेटावर, आणि त्या किनाऱ्यावरून स्वीडन दिसतो. जुन्या काळी जमिनीचा रस्ता म्हणजे दलदल आणि झाडी, पाण्याचा रस्ता म्हणजे होडीत बसलं की झालं. म्हणून ही माणसं जन्मभर उत्तरेकडे ये-जा करत राहिली, आणि दक्षिणेकडे, जिथे जमीन चिकटली होती नेमक्या तिथेच, त्यांनी मातीचा लांबच लांब तट घातला. भाषा एका मुळाची, इतकी जवळची की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला शिकवणीशिवाय वाचता येतं. नॉर्वेवर शेकडो वर्षं डेन्मार्कचाच राजा. स्वीडनचं दक्षिण टोक एके काळी डेन्मार्कचं. देव एक, प्रार्थनेची तऱ्हा एक, झेंड्यावरचा आडवा क्रूससुद्धा एकच, फक्त रंग वेगळे. "आणि भांडणं?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पिढ्यान्‌पिढ्या. एकमेकांची गावं जाळलीत. पण ती भावकीतली भांडणं गं. भावकी भांडल्याशिवाय कळत न्हाई." आई चुलीपाशी हसली. तिला भावकी चांगली ठाऊक होती.

आता शनिवारी काय झालं ते ऐका. इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर वर्षी सगळ्या समाजांचा एक दिवस असतो. प्रत्येकाला एक टेबल, मागे नकाशा किंवा झेंडा, पुढे खाणं. आपल्याकडच्या लोकांची यादी मराठी मंडळाने करून द्यायची असते. आम्ही वसईच्या बायका, इथे टोरंटोच्या आसपास पसरलेल्या, लाल लुगडी नेसून, गळ्यात मंगळसूत्र, हातात सुकेळ्यांची ताटं घेऊन पोहोचलो. ती सुकेळी मी स्वतः वसईहून मागवलेली, उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी. मराठी टेबलावर महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा होता, गड होते, पैठणी होती, पुरणपोळी होती. आमचं नाव मात्र तिथे नव्हतं. दारातल्या स्वयंसेवक मुलीने यादीवर बोट फिरवलं आणि आम्हाला दुसऱ्या टोकाला नेलं. पोर्तुगीज टेबलावर.

बाई, हसू नका. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. कोंबड्याचं चित्र, निळ्या फरशांचं चित्र, कस्टर्डचे छोटे टार्ट, आणि त्यामागे एक गोरी, गोल चेहऱ्याची बाई. तिने आमची आडनावं यादीत वाचलेली होती, म्हणून आनंदाने दोन्ही हात पसरून तिच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. आम्ही सात बायका लाल लुगड्यांत तिच्याकडे बघत उभ्या. तिच्या लक्षात आलं. इंग्रजीत, फार मायेने म्हणाली, "अगं बाई, तुम्ही आमच्यातल्या नाही आहात. कोणीतरी घोळ घातलाय." आणि तिने आम्हाला एक एक टार्ट खायला दिला. जिच्या पूर्वजांनी आम्हाला ही आडनावं दिली, तिने एका वाक्यात आम्हाला मोकळं केलं. तिकडे आमच्याच भाषेतल्या लोकांनी त्याच आडनावांवरून आम्हाला बाहेर काढलं होतं.

मी मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं. पुण्याचा आहे, कुठल्याशा टेक कंपनीत, चाळिशीचा. मुलगा वाईट नाही, हे मी रागातही लिहिते. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली तेव्हा ऑफिसच्या कपड्यांत आला आणि फावड्याने बर्फ उपसून गेला. म्हणूनच तर जास्त लागलं. म्हणाला, "काकू, सॉरी, आडनावं बघून वाटलं. हिस्टॉरिकली तुमचं पोर्तुगीज कनेक्शन आहेच ना? त्या टेबलावर जागा पण जास्त होती. फक्त कॅटेगराइज केलंय हो, त्यात पर्सनल काही नाही."

"आणि तुझ्या टेबलावर कोण बसलंय?"

"आपले मराठी लोक."

"मग मी कोणत्या भाषेत तुझ्याशी भांडतेय रे?"

तो गडबडला, आणि गडबडलेला माणूस चांगलं काहीतरी बोलायला जातो तसा बोलला. "तेच तर, काकू. खरं सांगू? तुम्ही ख्रिश्चन असून इतकं सुंदर मराठी बोलता! आमच्या मुलांना येत नाही."

बाई, मी नर्सिंग होमच्या युनियनमध्ये उभी हयात भाषणं केली. उणे वीसमध्ये गेटवर उभं राहून, हातात भोंगा धरून, मॅनेजमेंटच्या तोंडावर बोलले. शब्द मला कधी कमी पडले नाहीत. त्या क्षणी मात्र तोंडातून काहीच निघेना, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझ्याबद्दल नव्हे. तुमच्याबद्दल.

शाळेत तपासणीला साहेब आले होते. तुम्ही आमच्या वर्गाला मराठी शिकवत होता, कारण मराठीचे सर आजारी होते. तास संपल्यावर साहेब उठले, खूश होते, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बाई, कानडी असून तुम्ही मराठी उत्तम शिकवता." तुम्ही बेळगावच्या बाजूच्या. तुमच्या बोलण्यात तिकडचा हेल होता, 'होय की', 'काय गे', आणि त्या हेलावरून शिक्षकांच्या खोलीत तुमचं नाव 'कानडी बाई' पडलेलं होतं, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. तुम्ही साहेबांकडे बघून हात जोडलेत. फक्त हात जोडलेत! मी मागच्या बाकावरून तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं आता ही बाई काहीतरी बोलेल. तुम्ही फळा पुसायला लागलात. आधीच पुसलेला फळा.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला आला नाहीत. आईने दोनदा हाक मारली, मग ताट वाढून स्वतः तुमच्या खोलीत गेली आणि तुम्हाला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली. ताटात तुमच्यासाठी वेगळी केलेली भाजी होती, आमच्या घरी मासळी असली की आई तुमची भाजी वेगळ्या पातेल्यात करायची. तुम्ही घास हातात धरून बसलात आणि आईला म्हणालात, "माझ्या आईला मराठीशिवाय दुसरी भाषा येत न्हाई. आज्जीला येत नव्हती. घरात ओव्या मराठी, भांडणं मराठी. आणि रेघ ओढणाऱ्यांनी आमच्या दारावरनं रेघ ओढली. कुणी विचारलं न्हाई हो. एकदा विचारायचं तरी." आईने तुमच्या ताटात आणखी भाजी वाढली. मग तुम्ही माझ्याकडे वळलात, जणू उरलेला धडा आताच संपवायचा होता, आणि सांगितलंत की त्या डेन्मार्कच्या सीमेवरही असंच होतं, कधी या राजाची रेघ, कधी त्या राजाची. पण पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांना गावोगाव मतदान करू दिलं, तुम्हाला कुणीकडे जायचंय म्हणून. काही इकडे आले, काही तिकडे राहिले, काही रडलेही असतील. "पण विचारलं, बाळ," तुम्ही म्हणालात. "तिथं लोकांना विचारलं." घास अजून हातातच होता. मला वाटलं, डेन्मार्कबद्दल एवढं काय वाटून घ्यायचं?

तुम्ही घरी पाठवायची पत्रं मी पेटीत टाकायला नेत असे. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा. राज्याचं नाव तुम्ही कधी लिहीत नव्हता. पत्र तरी पोहोचत असे.

म्हणून शनिवारी, त्या मुलासमोर, मी गप्प झाले. सुकेळ्यांचं ताट हातात घेऊन मी वळले आणि जी पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसले. मागे निळ्या-पिवळ्या-लाल क्रूसांचे पाच झेंडे होते. नॉर्डिक टेबल, म्हणजे माझे आठवीतले निळे देश. बाई, शपथेवर सांगते, मी निवडलं नव्हतं. तिथे एक ऐंशीच्या पुढची म्हातारी बसली होती, हाडकुळी, हाताने विणलेला स्वेटर घातलेली. डेन्मार्कची. तिच्या बाजूला एक स्वीडनची बाई, आणि पलीकडे फिनलंडचा एक म्हातारा, ज्याची भाषा या दोघींच्या भाषेपासून कोसभर लांब, पण तो तिथे स्वतःच्या घरात बसावा तसा पाय पसरून बसलेला. मी सुकेळी पुढे केली. म्हातारीने एक उचललं, चावलं, आणि विचारलं, "हे काय आहे? आणि तू रडतेस का?"

"रडत नाहीये," मी म्हणाले. "चिडलेय."

"मग आणखी एक घेते," ती म्हणाली.

तोवर अध्यक्ष माझ्यामागे येऊन पोहोचला होता, मला समजवायला. वातावरण हलकं करायचं म्हणून त्याने त्या म्हातारीलाच विचारलं, अगदी सहज, इंग्रजीत. "टेक्निकली डेन्मार्क तर जर्मनीला जोडलेला आहे ना? मग तुम्ही यांच्या टेबलावर कशा?" बाई, आठवीतली मीच तिथे उभी होते, पुण्याचा शर्ट घालून.

म्हातारी म्हणाली, "जोडलेला आहे म्हणजे काय, मी तर जर्मनीतच जन्मले. मतदानात आमचं गाव हरलं. रेघ आमच्या उत्तरेला पडली. पण शाळेत डॅनिश, चर्चमध्ये डॅनिश, घरात डॅनिश."

"मग तुम्ही जर्मन की डॅनिश?"

"डॅनिश."

"बाय ब्लड?"

"माझी एक आजी जर्मन होती. चांगली बाई होती."

"मग डॅनिश कशा?"

"मी म्हणते म्हणून." मग तिने समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी जाहीरच करून टाकलंय की सीमेजवळच्या माणसाने स्वतःला जे म्हटलं ते त्याचं. कोणत्याही कचेरीने त्यावर शंका घ्यायची नाही, पुरावा मागायचा नाही, तपासायला जायचं नाही.

अध्यक्ष हसला. "तसं तर कोणीही उठून म्हणेल, मी डॅनिश!"

"म्हणू दे," म्हातारी म्हणाली. "तिथला टॅक्स बघितलास का? उगीच कोणी येत नाही."

स्वीडनची बाई खो खो हसली आणि आम्हाला म्हणाली, "हिचं ऐकू नका. ही बोलायला लागली की घशात गरम बटाटा अडकल्यासारखं वाटतं. आम्हाला अर्धं कळत नाही." आणि म्हातारीच्या खांद्यावर हात टाकून पुढे म्हणाली, "पण आमचीच आहे."

आमचीच आहे! बाई, हे वाक्य ऐकायला मी कॅनडात आले का? मंडळवाल्यांनो, बोलण्याची टिंगल करा, हेलाची नक्कल करा, माझ्या वसईच्या बोलीला पोट धरून हसा, आमच्याकडेही तुमच्या पुणेरी बोलण्याची नक्कल करणाऱ्या बायका आहेत, आणि चांगली करतात. पण शेवटी खांद्यावर हात टाकून तेवढं वाक्य म्हणा. आमच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, आमच्या लग्नात हळद लागते, आमची चर्चमधली मिस्सा मराठीत होते, आमची माणसं मेली की आम्ही मराठीत रडतो. कोणत्या कॅटेगरीत रडतो असं वाटलं तुम्हाला? शेकडो मैलांवरचा सोलापूरचा माणूस तुमचा, कारण तो तुमच्या देवाला नमस्कार करतो, आणि खाडीच्या काठावर शतकानुशतकं केळी लावणारी माझी आई परकी, कारण तिचा नमस्कार दुसरीकडे जातो? अरे, देवांवरून भाषा वाटायला लागलात तर तुमच्या वाट्याला काय उरेल? आणि त्या नॉर्डिक लोकांचा गट मी डोक्यावर घेऊन नाचते आहे असंही नाही. मी त्या म्हातारीला विचारलं, ग्रीनलंडच्या लोकांचं काय? इथून उत्तरेला, जिथे कॅनडाने आणि डेन्मार्कने एका उघड्या खडकाचे अलीकडेच दोन भाग केले, तिथे रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच इन्युइट लोक शिकार करत आलेत. म्हातारीने हातातलं सुकेळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना आम्ही विचारलं नव्हतं. ती आमची शरमेची गोष्ट आहे." मला ती त्या क्षणी फार आवडली. आपल्याकडे अशी शरम कोण उघड्यावर बोलतो?

घरी येऊन मुलीला फोन केला. ती व्हँकुव्हरकडे, बर्नाबीला असते. सगळं सांगितलं. ती इंग्रजीतच म्हणाली, "मॉम, व्हाय डू यू ईव्हन वॉन्ट टू बी इन देअर क्लब?" मी म्हणाले, "क्लब नाही गं तो. माझं घर आहे ते." ती म्हणाली, "देन व्हाय आर यू नॉकिंग?" मुलीला मराठी बोलता येत नाही, पण नेमकं कुठे टोचायचं ते माझ्याकडून शिकली आहे.

बुधवारी मंडळाची मीटिंग होती, लायब्ररीच्या वरच्या खोलीत. मी भाषण तयार करून गेले. बाई, काय भाषण होतं! तुमचा मातीचा तट त्यात होता, होड्या होत्या, भावकी होती, मतदान होतं. आमच्या बायकांना मी सांगून ठेवलं होतं की आज निकाल लागला नाही तर आपण आपलं वेगळं मंडळ काढू, वसईचं, आणि यांच्या गणपतीला पाहुण्या म्हणूनही जाणार नाही. मी उभी राहिले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात अध्यक्षच बोलला. "काकू, एक मिनिट. आमची चूक झाली. आम्ही काल कमिटीत विषय घेतला. एकमताने ठरलंय की वसईचे ख्रिश्चन लोक मराठीच आहेत. पुढच्या वर्षी तुमचा स्टॉल आपल्याच टेबलावर."

कमिटीत ठरवलं! एकमताने! बाई, ऐकताय ना? मंगळवारी संध्याकाळी सात जणांनी चहा पिता पिता ठराव करून माझ्या आईला मराठी करून टाकलं! आणि समजा चार जणांनी हात वर केला नसता तर? तर बुधवारी मी कोण असते? मग मात्र मी बोलले. भाषण बाजूला राहिलं, जे तोंडाला आलं ते बोलले. म्हणाले, तुम्ही कोण ठरवणारे? तुमच्याकडे कोणी अर्ज केला होता? माझी भाषा तुमच्या कपाटात ठेवलेली सतरंजी आहे का, ज्याला हवी त्याला सही घेऊन द्यायला? डेन्मार्कच्या सीमेवर दोन सरकारांना जी अक्कल आली ती तुमच्या सात जणांना येऊ नये? तिथे सांगितलंय, माणसाने स्वतःला म्हटलं की संपलं, कचेरीने मध्ये यायचं नाही. तुम्ही तर कचेरीसुद्धा नाही, तुम्ही लायब्ररीची खोली फुकट मिळवणारी माणसं!

खजिनदार बाई, नागपूरच्या, हळूच बाजूच्या बाईला म्हणाल्या, "पण हे डेन्मार्क मंधातच कुठून आलं जी?" कोणीतरी फिसकन हसलं. मलाही आतून हसू आलं, पण मी चेहरा हलू दिला नाही.

अध्यक्ष उभा राहिला. चेहरा लाल. वाटलं आता हा उलटून बोलणार, आणि मला तेच हवं होतं. तो म्हणाला, "बरं काकू. मग आम्ही काय करायला पाहिजे होतं?"

"विचारायला पाहिजे होतं," मी म्हणाले. "आडनाव वाचण्याआधी. एकदा विचारायचं तरी." आणि हे म्हणताना मला तुमचाच आवाज ऐकू आला, घास हातात धरलेल्या बाईचा.

त्याने हातातला कागद टेबलावर ठेवला. मग मान वर केली आणि, मला वाटतं खरोखरच, चेष्टा न करता, म्हणाला, "विचारतो. काकू, तुम्ही कोण?"

बाई, गेटवर, बर्फात, भोंगा घेऊन बोलणारी मी. पुस्तकांनी घर भरलेली मी. आणि त्या चार अक्षरांच्या प्रश्नाला माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "वसईची. मराठी." आणि तेही आमच्या बोलीत, जी मी चार लोकांत कधी बोलत नाही. खजिनदार बाईंनी सरकून त्यांच्या बाजूची खुर्ची मोकळी केली. त्या म्हणाल्या, "बसा ना. उभ्या काहून?" मी बसले. पुढचा विषय पार्किंगचा होता.

मी तुमच्यावर रागावलेली आहे, हेही लिहून टाकते. तुम्ही त्या साहेबाला उत्तर द्यायला हवं होतं. तुम्ही हात जोडलेत आणि मी आयुष्यभर तुमच्या वाटणीचं ओरडत राहिले, कधी मॅनेजमेंटवर, कधी या गरीब पुणेकर मुलावर. तुमची सगळी हुशारी डेन्मार्कला का दिलीत? बेळगावचा नकाशा कधी तरी फळ्यावर काढून आम्हाला विचारायचं होतं, पोरांनो, हा रंग कोणता. आम्ही सांगितलं असतं. मागच्या बाकावरून मी पहिला हात वर केला असता.

हे पत्र कुठे पाठवणार, हा प्रश्न, तुम्ही आज असतात तर, हसून टाळला असतात. मी पाकिटावर गाव लिहिलं, तालुका लिहिला, जिल्हा लिहिला, आणि तुमच्यासारखीच तिथे थांबले. ते तसंच पुस्तकांमागे सारून ठेवणार आहे.

आणि एक गोष्ट, जी मी बायकांना सांगितलेली नाही, मुलीला सांगितलेली नाही, आणि भाषणात तर कधीच येणार नाही. तो मुलगा म्हणाला ना, कमिटीत एकमताने ठरलं की तुम्ही मराठीच आहात? तेव्हा मी भडकले हे खरं. पण भडकण्याच्या आधी, अगदी क्षणभर, बाई, मला फार बरं वाटलं होतं.